तल्लफ लागलेला मोगरा

देश व्यसनमुक्त झाला, याबद्दल आता दुमत नव्हतं. माणसाची तल्लफ काढून झाडात भरायची सोय झाली होती. काशीनाथरावांची खोकल्याच्या औषधाची तल्लफ बाल्कनीतल्या मोगऱ्यात भरली, तेव्हा आठ वर्षं गादीखालून बाटल्या काढणाऱ्या कुमुदताईंनी सोसायटीत पेढे वाटले.

रोज संध्याकाळी मोगरा थरथरायचा, अख्खा औषधाच्या दुकानाकडे झुकायचा. कळ्या स्वप्नात असल्यासारख्या उघडमीट करायच्या.

“अहो, बघवत नाही हो त्याच्याकडे.”

“मुकं झाड ते! दोन चमचे घातलं तर काय बिघडतं?” म्हणत काशीनाथराव पिशवीतली बाटली घेऊन बाल्कनीत गेले.

परतले तेव्हा बाटली अर्धी होती आणि चालणं तरंगल्यासारखं. मोगरा अजून दुकानाकडेच झुकलेला होता.

कुमुदताईंनी कुंडीत बोट घातलं. माती कोरडी होती.