झोळीतले बाबा

"सहा महिने नुसते झोके चाललेत," मकरंदने थेरपीच्या बाईंना फैलावर घेतलं. "आमची चार्वी अजून दोन मिनिटं एका जागी बसत नाही."

बाईंनी छताला टांगलेल्या निळ्या कापडी झोळीकडे बोट दाखवलं. "एकदा तुम्हीच बसून बघा."

बाईंना खोटं पाडायचं म्हणून तो टायसकट आत शिरला. कापडाने त्याला चहूबाजूंनी घट्ट आवळलं, झोळी संथ डोलू लागली आणि वर्षानुवर्षं कानांशी चढून बसलेले त्याचे खांदे खाली उतरले.

अर्ध्या तासाने बाईंनी हाक मारली, तर त्याने आतूनच कापड घट्ट धरून ठेवलं.

तेवढ्यात बाहेर राहिलेला त्याचा फोन वाजला. सहा वर्षांची चार्वी अर्धा तास झोळीखाली मांडी घालून राखण करत होती. तिनेच स्पीकर लावून उचलला.

"बाबा झोळीत आहेत. आता बोलणार नाहीत."

"झोळीत काय करतोय तो?" ऑफिसातले साहेब कडाडले.

"काही नाही. झोळी घट्ट मिठी मारते, मग पळत सुटावंसं वाटत नाही."

पलीकडे केबिनचं दार लावल्याचा आवाज आला. मग साहेबांनी आवाज खाली आणून विचारलं, "बाळा, ती किती किलोपर्यंत पेलते?"