डेंगे

परीक्षित कॉफी घेऊन परत येईपर्यंत त्याच्या आईनं, लीलावतीबाईंनी, अकरा खेकड्यांचे डेंगे मोडून ठेवले होते.

दहा मिनिटं लागली असतील त्याला, फार तर पंधरा. साउथहॅम्प्टनबाहेरची छोटीशी जेट्टी, शनिवारची दुपार, त्यात ऊन पडलेलं. कॉफीला ही एवढी रांग. तेवढ्यात घात झाला.

ऍडमचा सातवा वाढदिवस होता. दोरीला बेकनचा तुकडा बांधायचा, जेट्टीवरून पाण्यात सोडायचा, खेकडा लटकला की अलगद बादलीत घ्यायचा. त्याला नाव ठेवायचं. शेवटी सगळ्यांना उतारावर सोडून पाण्यापर्यंत त्यांची शर्यत लावायची, मग केक. इथली पोरं हा खेळ वर्षानुवर्षं खेळतात. ते खायचे असतात हे कुणाच्या मनातसुद्धा येत नाही.

मायराला या शाळेत आठ महिने झाले होते आणि हे तिला आलेलं पहिलं आमंत्रण. पहिलं म्हणजे अगदी पहिलं. ते कार्ड तीन आठवडे फ्रिजवर होतं. अक्षयानं, म्हणजे तिच्या आईनं, त्याचा फोटो नागपूरला माहेरी आणि वेंगुर्ल्याला सासरी पाठवला होता. आज अक्षयाची हॉस्पिटलात ड्यूटी होती, म्हणून लेकीला घेऊन परीक्षित आला होता. आणि वेंगुर्ल्याहून आलेल्या आईला घरी एकटं कसं ठेवायचं, म्हणून तिलाही आणलं होतं.

पण कार्डावर नाव एकट्या मायराचं. आजी चालते की नाही, हे विचारायचं तरी कुणाला? त्यानं आईला जेट्टीच्या टोकाच्या बाकावर बसवलं होतं, पार्टीपासून तीसेक पावलांवर.

“आई, तू इथेच बस हं. आम्ही तिकडे आहोत.”

“जा रे, जा. मी काय कुकुलं बाळ आहे हरवायला?”

तासभर बसल्या बिचाऱ्या. मग एका मुलीच्या बोटाला खेकडा चावला आणि ती किंचाळली. मोठी माणसं टेबलापाशी केकच्या मागे. सात-सात वर्षांची पोरं जिवंत खेकड्यांच्या बादलीत उघडे हात घालताहेत, हे बघून लीलावतीबाईंना राहवेना. “अगं बाई गं!” म्हणत त्या उठल्या आणि बादलीपाशी बसकण मारून त्यांनी तेच केलं, जे वेंगुर्ल्यातली कुठलीही बाई करते. पाठीवर अंगठा दाबायचा, पुढची चावरी नांगी, म्हणजे डेंगा, मुळाशी धरायचा, कट्ट. मग दुसरा, कट्ट. चावायचा प्रश्नच मिटला. पहिला मायराचा घेतला, नात ना ती!

“आता खेळा रे बाळांनो, बिनधास्त.”

पोरं बादलीभोवती वाकली. मग ऍडमला आपला खेकडा ओळखू आला आणि त्यानं जे भोकाड पसरलं, ते जेट्टीभर ऐकू गेलं. त्याच्यामागोमाग सगळी.

परीक्षित पोचला तो या रडारडीत. मायरा धावत येऊन त्याच्या पायाला चिकटली. बादलीत अकरा खेकडे थोटे होऊन एकमेकांवर चढत होते. आणि बादलीशेजारी, पार्टीच्याच एका कागदी बशीत, बावीस डेंगे नीट रचून ठेवलेले. ते कुणासाठी, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. घरी कुर्ल्या शिजल्या की डेंगे नेहमी त्याचे. बहीण भांडायची, तरी त्याचेच.

त्याला बघून लीलावतीबाईंचा चेहरा उजळला. बशी उचलून त्या हाक मारणार, इतक्यात त्यांनी लेकाचा चेहरा पाहिला आणि त्या थांबल्या.

ऍडमची आई आली. तोंडावर हात ठेवून बादलीत वाकून बघितलं. आवाज काही चढला नाही तिचा. इथे तो चढत नाही, तेच वाईट.

“या बाईंना कुणी ओळखतं का?” तिनं इंग्रजीत विचारलं.

पालक एकमेकांकडे बघू लागले. मायरानं बापाची पँट घट्ट धरली आणि कुजबुजली, “बाबा, सांगू नको. प्लीज सांगू नको.”

मराठीत बोललं की इथे कुणाला कळत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. कळणारं एकच माणूस तिथे होतं आणि ते दोन पावलांवर बशी धरून बसलं होतं.

परीक्षितनं कॉफीच्या कपाचं झाकण उगाच दाबून बसवलं.

लीलावतीबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. बशी खाली ठेवली. पोस्टाच्या काउंटरवर पस्तीस वर्षं काढलेली बाई, कामापुरतं इंग्रजी होतं त्यांच्यापाशी.

“सॉरी, मॅडम,” त्या म्हणाल्या. “आय अलोन. नोबडी विथ मी.”

लेकाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. नातीकडेही नाही. अंगातलं सुनेचं मोठं जॅकेट सावरत त्या चालू लागल्या. बाकाशी थांबल्या नाहीत. पुढे रस्त्याकडे गेल्या, जिथून कुठली बस कुठे जाते हे त्यांना ठाऊक नव्हतं.

परीक्षितला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि खोटं कशाला बोला, हायसंही वाटलं.

कुणीतरी बादली उचलून नेली. मायराचा हात धरून एक मुलगी तिला केककडे घेऊन गेली. ऍडमची आई रस्त्याकडे बघत परीक्षितशेजारी उभी राहिली. बाई मनानं चांगली होती.

“बिचारी,” ती म्हणाली. “तिचं कुणीतरी असेल ना इथे?”

“असेल,” परीक्षित म्हणाला.