लाल पाण्याचा पुरावा

पटकीची साथ आली तसं सरकारी डॉक्टरनं किन्हीराजा गावाच्या गावविहिरीत लाल दवा टाकली. जानराव पाटील पडले हाडाचे चिकित्सक; त्यांनी आपल्या वाड्यातल्या विहिरीला हात लावू दिला नाही. "पुरावा पाह्यल्याबिगर आमी काई पेत नाई," असं चावडीवर बजावून त्यांनी घरातलं सगळ्यात स्वस्त माणूस, म्हणजे विधवा सून रंगूबाई, प्रयोगाला लावलं. "आठ दिस तू एकटीच गावविहिरीचं लाल पानी पे. जगली तं मंग आमी पेऊ."

सातव्या दिवशी रंगूबाई ठणठणीत होती आणि पाटील जुलाब-उलट्यांनी खाटेला खिळले होते.

"सूनबाई, ते लाल पानी दे वं," ते कण्हले.



"थांबा ना मामाजी, पुरावा उद्या पुरा होते."