सलग चाळीस

"आलं बघ चाळीस," लॅपटॉप ऋजुताकडे वळवत बाबा म्हणाले. निवृत्तीनंतर पायथन शिकून त्यांनी लिहिलेला हा पहिलाच प्रोग्राम. सिगारेट न ओढलेले दिवस तो मोजायचा.

स्वयंपाकघरात आईने साखरेचा डबा काढला. बाबांचे सलग चाळीस दिवस बिनसिगारेटचे होईपर्यंत आपण चहात साखर घेणार नाही, असा नवस ती गणपतीला बोलली होती.

ऋजुता नोकरीत दिवसभर कोडच तपासते. तिने मोजणीची ती एक ओळ दोनदा वाचली.

"बाबा, ही ओळ सिगारेट ओढलेला दिवस नुसता गाळते आणि पुढे मोजतच राहते. सलग हवेत ना? मग आजपासून मागे मोजत जायचं आणि ओढलेला पहिला दिवस लागला की तिथेच थांबायचं. 'इफ'ने ते थांबत नाही. त्याला 'टेकव्हाइल' हे फंक्शन लागतं."

"माहीत आहे," बाबा म्हणाले. "आधी तेच लिहिलं होतं."

ऋजुताने टेकव्हाइल घातलं आणि प्रोग्राम चालवला. आकडा आला शून्य.

"आजसुद्धा?"

"दूध आणायला गेलो होतो तेव्हा."

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. दोघांना कप दिले, स्वतःच्या कपात सावकाश चमचा फिरवला आणि कप ओठांशी नेला.

"थांब," बाबा म्हणाले. "पिऊ नकोस. चाळीस झालेले नाहीत."

आईने शांतपणे एक घोट घेतला.

"साखर घातलेलीच नाही. सकाळी दुधाच्या पिशवीलासुद्धा सिगारेटचा वास येत होता."