किनाऱ्याकिनाऱ्यानं वेंगुर्ल्याला

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत एकटीनं गाडी चालवत जायचं, असं कुमुदिनीताईंनी बासष्टाव्या वर्षी ठरवलं आणि सगळ्या नातेवाइकांची झोप उडाली.

पहिला मुक्काम दापोलीला, नणंदेकडे. तिनं पोटभर जेवू घातलं आणि स्वतः पोटभर रडून घेतलं.

"वहिनी, घाटात टायर फुटलं तर?"

"बदलेन."

"देवगडला तुमच्या दादांना फोन केलाय मी. ते काही तुम्हाला पुढे जाऊ द्यायचे नाहीत!"

फेरीबोटीतून दाभोळची खाडी ओलांडली, समुद्राला लागून वळणं सुरू झाली, तशा कुमुदिनीताई मोठमोठ्यानं गायला लागल्या. देवगड जवळ आलं तसं मात्र त्यांनी गाणं आवरतं घेतलं. ऐंशी वर्षांच्या दादांना त्या जन्मात कधी 'नाही' म्हणाल्या नव्हत्या.

दादा फाटकातच उभे होते. गाडी थांबताच त्यांनी हात पुढे केला. "किल्ली दे."

कुमुदिनीताईंनी किल्ली मुठीत घट्ट धरली. "नाही देणार. मी वेंगुर्ल्याला जाणार म्हणजे जाणार!" स्वतःचाच आवाज ऐकून त्या दचकल्या.

"मग जा की! मला डिकी उघडायचीय." दादांनी जास्वंदीमागून एक फुगलेली पिशवी ओढून काढली. "पोरांनी दोन वर्षं मला अंगणाबाहेर सोडलेलं नाही. सूनबाई पूजेला बसलीय, वाटेत फोन करू तिला." ते पुढच्या सीटवर बसले, पट्टा लावला आणि दबक्या आवाजात म्हणाले, "फक्त सावकाश चालवू नकोस. तिची आरती सुरू झालीय."