गाभ्यातला खिळा

लाकडाच्या गिरणीच्या फाटकाअलीकडे नळाखाली चिखल झाला होता. त्याने हातगाडी तिथेच थांबवली, मूठभर चिखल उचलला आणि ओंडक्याच्या कापल्या तोंडावर फासला. मग नळावर हात धुतले आणि गाडी आत ढकलली.

सुऱ्या घडवण्यात त्याची हयात गेली होती. पातं कुणीही घडवील, सुरी ओळखली जाते ती मुठीवरून, असं तो म्हणायचा. कुठे झाड पडलं की इतरांना जळण दिसायचं, याला मुठी दिसायच्या. ही बाभूळ रस्ता रुंद करताना तोडली होती. ती जळणाच्या गाडीत चढण्याआधी त्याने बुंध्याचा एवढा तुकडा मागून घेतला, कारण त्याच्या तोंडावर अंगठ्याएवढा काळा-निळा डाग होता. त्या बाभळीखाली पूर्वी एक न्हावी बसायचा. आरसा टांगायला त्याने ठोकलेले खिळे झाडाने केव्हाच गिळले होते. लोखंड आत मुरलं की बाभळीचा गाभा असा निळा पडतो आणि त्याच्या रेघा लांबवर धावतात. तशी मूठ त्याने उभ्या जन्मात एकदाच पाहिली होती, तीही दुसऱ्याच्या दुकानात.

पण ही गिरणी खिळ्याचं लाकूड कापत नव्हती. गिरणी त्याच्या व्याह्यांची. सहा वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाने लाकूड साफ आहे म्हणून शपथ घेतली. करवतीचा पट्टा खिळ्यावर तुटला आणि तुकडा व्याह्यांच्या खांद्यात शिरला. तो हात अजून वर जात नाही. याला हे कुणी सांगायला नको होतं. दवाखान्यात रोजचा डबा हाच न्यायचा.

हाताच्या करवतीने कापायचं तर आठवडा गेला असता आणि फळीही सरळ निघाली नसती. खिळा कडेला असणार, पट्टा मधून जाणार, हे त्याने वाटेत तीनदा घोकलं होतं.

"या, या, व्याहीबुवा!" भुशाने पांढरे झालेले व्याही खुर्चीतून उठले. "लाकूड असलं की बरी वाट सापडते. लेक इथेच नांदते, तिच्यासाठी कधी पाय वळत नाहीत."

"लेक तुम्हाला देऊन मोकळा झालो. लाकूड कुणाला देऊ?"

"तेही द्या. चुलीत घालू."

दोघे हसले. व्याह्यांनी ओंडक्यावर थाप मारली आणि तळवा झटकला. "लोळवत आणलात की काय? चिखल लागला हाताला."

"रस्त्याचं काम चालू आहे ना. सगळा चिखलच."

"खिळा-बिळा?"

"छे!"

"दुसरा कुणी असता तर तासून बघितलं असतं. तुमचं काय बघायचं! लाकडाची नाडी कळते तुम्हाला."

त्याने मान डोलावली.

"फळ्या केवढ्या?"

"बोटभर जाडीच्या. पण कडेने नको, अगदी मधून."

"मधून तर मधून."

दोन हमालांनी ओंडका करवतीपुढच्या सरकत्या गाड्यावर चढवला. व्याह्यांनी बटण दाबलं. मोठं चाक घरघरलं, पट्टा चमकू लागला. तो दोन पावलं मागे सरला. मग आणखी दोन, फळ्यांच्या थप्पीआड.

व्याही मात्र करवतीकडे गेले नाहीत. त्यांनी मागच्या दाराकडे तोंड करून हाक मारली, "सूनबाई! लाकूड चढलं गं!"

"म्हणजे? तुम्ही नाही कापत?"

"कुठलं आलंय! मोतीबिंदू. महिना झाला, रेघ दिसत नाही. पोरगा माल पोचवायला बाहेर असतो, मग करवत सूनबाईकडे. हाताचं वळण तुमचंच घेतलंय तिने, केसभर हलत नाही."

ती आली. पदर खोचलेला, डोक्याला फडकं. "अप्पा! कधी आलात? एवढं कापते, मग चहा टाकते." तिने वाकून ओंडक्यावर नजर धरली, दोन्ही तळवे त्याच्या मागे टेकले आणि गाडा रेटला. पट्टा आणि ओंडक्यात वीतभर अंतर राहिलं. मग चार बोटं.

"थांब!"

करवतीच्या आवाजात तिला ऐकू गेलं नाही. तो थप्पीआडून धडपडत पुढे आला आणि त्याने गाडा मागे ओढला. "बंद कर! आत खिळा आहे, बंद कर!"

तिने बटण दाबलं.

"कशावरून?" व्याही म्हणाले.

लेकीने ओंडक्याच्या तोंडाकडे पाहिलं. चिखल अजून ओला होता आणि त्यात चार बोटं ओढून फासल्याच्या रेघा स्वच्छ उमटल्या होत्या. तिने डोक्याचं फडकं सोडून ओंडक्याचं तोंड पुसलं. डाग वर आला.

"निळं पडलंय, मामंजी. खिळा आहे."

"बघा! नशीब, वेळेवर ध्यानात आलं यांच्या." व्याह्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "म्हणून म्हणतो, नाडी कळते. बसा, बसा. घाम फुटलाय तुम्हाला." आणि ते खुर्ची आणायला वळले.

ती बापाजवळ आली. सासऱ्यांना ऐकू जाणार नाही इतक्याच आवाजात बोलली.

"अप्पा, इथे मामंजी उभे असते तर थांबवलं असतंत?"

त्याने चाकाकडे पाहिलं. बटण बंद होऊन वेळ झाला होता, पण चाक मोठं होतं. ते अजून फिरतच होतं.