झाकली मूठ

सत्ताविसावा चेंडूही झेलला गेला, तेव्हा वेंडेल क्रोलने पेन खिशात टाकलं. पोराने एकही सोडला नव्हता.

मार्चमधली बोचरी दुपार होती. आर्कान्सातल्या त्या एवढ्याशा कॉलेजच्या मैदानावर बाकी कोणी बघायला आलं नव्हतं. जावॉन्टे बूकर पुन्हा डावीकडून सुसाट पळाला, मान न वळवता हात वर केले आणि चेंडू त्याच्या तळव्यांत अलगद येऊन बसला. आवाज नाही. चांगल्या हातांचा आवाज होत नसतो.

असले हात शोधत वेंडेल सव्वीस वर्षं गावोगावची कॉलेजं हिंडत होता, हाताने चेंडू झेलायच्या अमेरिकन फुटबॉलच्या एका व्यावसायिक संघासाठी. वर्षातले दोनशे दिवस मोटेलात जायचे. बायको निघून गेली ते त्याला दोन आठवड्यांनी कळलं, असं त्याचा दोस्त गस पेट्री चारचौघांत सांगायचा, आणि वेंडेलही सगळ्यांबरोबर हसायचा. घरी गेल्यावर मात्र त्याला ते आठवायचं. जूनमध्ये तो निवृत्त होणार होता. नंतर काय करायचं हे त्याला ठाऊक नव्हतं.

"गुडघे कसे आहेत?" त्याने विचारलं.

"एकदम झकास, सर. हे बघा." जावॉन्टे प्रेक्षकांच्या पायऱ्या धाडधाड चढला आणि तीन-तीन ओलांडत खाली आला.

"पुरे. पडशील लेका."

पोरगा धापा टाकत समोर उभा राहिला. "सर, खरं सांगा. निवडीत माझं नाव पुकारतील? नाही, म्हणजे मामाने कोंबड्यांच्या कारखान्यात जागा धरून ठेवलीय. आई म्हणते, एकदाचं काय ते कळू दे."

दर एप्रिलमध्ये सगळे संघ सात फेऱ्यांत आळीपाळीने कॉलेजची पोरं निवडायचे आणि निवडलेल्याला फोन करायचे. पारखी माणसाने या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं. वेंडेलने सव्वीस वर्षांत दिलं नव्हतं.

"निवडीच्या शनिवारी फोन जवळ ठेव," तो म्हणाला.

मोटेलात परतून त्याने अहवाल लिहिला. 'गुडघे निर्दोष. असे हात मी आजवर दोनदाच पाहिले आहेत.' मग संघाचा कारभार बघणाऱ्या टकरला फोन लावला.

"एवढा चांगला आहे?" टकरने विचारलं.

"माझी सगळी वर्षं पणाला लावतो."

"बरं. लहान कॉलेजचा आहे, सगळ्या संघांसमोरच्या मोठ्या चाचणीला बोलावणं नाही, डॉक्टरांनी तपासलेला नाही. म्हणजे कोणाचं लक्ष जाणार नाही. सहाव्या फेरीत उचलू. तोवर त्याला आपल्यासाठी टिकवायचं काम तुझ्याकडे."

टिकवायचं म्हणजे काय, हे या धंद्यात कोणी कोणाला सांगत नाही. आपल्याला सापडलेलं पोर दुसऱ्यापुढे टाकाऊ ठरवायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळी वेंडेल मोटेलचा जिना उतरला. त्याचा उजवा गुडघा अलीकडे कुरकुरायला लागला होता. कठड्याला हात घालून एकेक पायरी करत तो खाली आला. समोरच्या खाणावळीत गस आधीच तळलेल्या माशाचं ताट घेऊन बसला होता. गस दुसऱ्या संघाचा. वीस वर्षं दोघं याच रस्त्यांवर फिरत होते, आणि सोबत जेवायला वेंडेलला त्याच्याखेरीज कोणी नव्हतं.

"काय म्हाताऱ्या, मेला नाहीस अजून? इथे कोणावर डोळा?"

"बूकरवर होता. वाया गेला हेलपाटा."

"का रे? पोराच्या हातांना गोंद लावलाय म्हणतात."

"हात आहेत. गुडघा गेलाय." गसचा चेहरा अजून साशंक होता, म्हणून वेंडेलच्या तोंडून निघून गेलं, "जिना उतरताना कठडा धरतो. एकवीस वर्षांचं पोर."

गसने काटा खाली ठेवला. पोरांच्या वेगाबद्दल, स्वभावाबद्दल दोघं एकमेकांना मनसोक्त थापा मारायचे. दुखापतीबद्दल कधीच नाही. तेवढं त्यांनी पाळलं होतं.

"बिचारा," गस म्हणाला. "बरं झालं सांगितलंस. उद्याचा दिवस मी त्याच्यासाठीच इथे थांबणार होतो." आणि ताटातला शेवटचा तुकडा त्याने वेंडेलच्या ताटात सरकवला.

वेंडेलला लाज वाटली. तरी त्याने तो खाल्ला.

एप्रिलमधल्या त्या शनिवारी तो आपल्या स्वयंपाकघरात टीव्हीसमोर एकटाच बसला होता. दुपारी जावॉन्टेचा निरोप आला: 'सर, आजीपण आलीय. फोन टेबलाच्या मधोमध ठेवलाय.'

सहावी फेरी आली. त्याच्या संघाने कुठल्याशा आडदांड पोराचं नाव पुकारलं. सातवीत आणखी कोणाचं. मग सगळं आटोपलं आणि जाहिराती सुरू झाल्या.

पुन्हा निरोप आला: 'सर, आमचा फोन बंद तर पडला नाही ना? एकदा लावून बघता?'

वेंडेलने लावला. पहिल्याच घंटेला कोणीतरी उचलला, मागे खूप माणसं एकदम गप्प झाली. "चालू आहे," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मग त्याने टकरला गाठलं.

"रागावलो नाही मी तुझ्यावर," टकर म्हणाला. "सव्वीस वर्षांत माणूस एकदा चुकणारच. सकाळी चार संघांतल्या ओळखीच्या लोकांना त्याच्याबद्दल चाचपलं. चौघांनीही त्याला यादीतून कधीच खोडलाय. आता साध्या सरावालाही कोणी बोलावणार नाही त्याला."

"गुडघे निर्दोष आहेत, टकर. मी स्वतः पाहिलेत."

"नाहीत रे. तुझी नजर गेली, एवढंच. ज्याने पाहिलं त्याने मात्र बारकाईने पाहिलंय."

"काय पाहिलं?"

"पोरगा जिना उतरताना कठडा धरतो."